पुढच्या वर्षीचा सर्जेराव

उतेकर गुरुजींना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

पोलादपूरच्या वर डोंगरात खडपवाडी नावाची लहानशी वाडी आहे. तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा महाडच्या आमच्या आळीतल्या लोकांनी मला काळ्या पाण्यावर पाठवल्यासारखा निरोप दिला. महाडहून एसटीनं पोलादपूर, तिथून वडापच्या जीपनं फाटा आणि फाट्यापासून पुढे देवानं दिलेले पाय. पहिल्याच दिवशी मी निम्म्या चढणीवर धापा टाकत उभी होते आणि वरून आभाळ कोसळावं तसा आवाज आला, "एकोणतीस सक्के!" मी दचकून करवंदीच्या जाळीला धरलं. मागून डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक म्हातारी येत होती. ती शांतपणे म्हणाली, "घाबरू नको गो. गुरुजी हायत. एकोणतिसावर आले म्हंजे तीस होईल, आन तीस झाला की आमच्या पलीकडच्या वाडीत भात उतरवतात." मी विचारलं, "आणि रविवारी?" म्हातारी म्हणाली, "रविवारी भात करपतो."

आवाजापाठोपाठ दिसली ती मिशी. माणूस बेताच्या उंचीचा, अंगानं किरकोळ, पांढरा सदरा, पायात रबरी चपला. पण मिशी अशी की तिला वेगळी खुर्ची द्यावी. दोन्ही टोकं गालावरून वळून कानांकडे निघालेली, खोबरेल लावून पीळ दिलेली. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला एवढ्या मिशीचं काम काय, असा प्रश्न मला पडला. गुरुजींना विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून मी त्यांच्या बायकोला विचारलं. काकी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. "ती होय? ती माझी सवत हाय," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपास्नंची. घरातलं खोबरेल आधी तिला, मंग मला."

"पण ठेवलीय कशासाठी?"

"पार्टासाठी. मिशी तयार हाय गो बाई. पार्ट तेवढा यायचाय."

तो पार्ट कसला, हे कळायला मला मे महिना उजाडावा लागला. मे महिन्यात खडपवाडीतले चाकरमानी मुंबईहून येतात, गावदेवीची पूजा घालतात आणि पूजेच्या दिवशी शाळेच्या अंगणात नाटक होतं. नाटक म्हणजे एकच, 'तलवार मागते पाणी'. वाडीतल्याच कुणा पूर्वजानं लिहिलेलं. त्यात सर्जेराव नावाचा एक शूर सरदार आहे, एक राणी आहे, एक म्हातारा प्रधान आहे आणि ज्यांना संवाद पाठ होत नाहीत त्या सगळ्यांसाठी भरपूर मावळे आहेत. शेवटच्या अंकात गडाला वेढा पडतो, प्रधान सांगतो की शत्रूला दिलेला शब्द मोडा आणि गड वाचवा, तेव्हा सर्जेराव छातीवर हात ठेवून म्हणतो, "गड गेला तर परत घेता येतो, प्रधानजी, शब्द गेला तर तो कुठल्या गडावर शोधायचा?" मग तो लढायला जातो आणि मरायला रंगमंचावर परत येतो. या वाक्याला वाडीत टाळ्या पडतात, म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात आणि पोरं शिट्ट्या मारतात. वाडीतल्या प्रत्येक मुलाला मोठेपणी सर्जेराव व्हायचं असतं. मोठेपणी ती मुलं नालासोपाऱ्याला जातात आणि विसरतात. उतेकर गुरुजी तेवढे विसरले नव्हते.

आणि या नाटकात गुरुजी काय करायचे, तर प्रॉम्प्टिंग.

विंगेत, पडद्याच्या आड, स्टुलावर बसून, ओठ जेमतेम हलवत ते अख्खं नाटक कुजबुजत. हाताशी संहिता नसे, लागतच नसे. सर्जेरावाचं, राणीचं, प्रधानाचं, मागच्या भालदाराचं खोकणंसुद्धा त्यांना पाठ. एरवी दोन डोंगर पलीकडे भात शिजवणारा तो आवाज विंगेत शिरला की वाऱ्यानं पान हलावं इतका बारीक व्हायचा, आणि तरी नेमका त्या नटाच्या कानात जायचा. परिणाम असा झाला की खडपवाडीत संवाद पाठ करण्याची चालच मोडली. कशाला करायचे? गुरुजी आहेत. नटांनी नुसतं उभं राहायचं, कान विंगेकडे ठेवायचा आणि गुरुजी जे सांगतील ते तलवार उपसून ओरडायचं.

यात सगळ्यांत पटाईत बबनदादा सकपाळ. उंच, रुंद, देखणा माणूस. वर्षानुवर्षं सर्जेराव तोच. त्याच्या डोक्यात काही थांबत नसे. कानातून आलेलं थेट तोंडातून बाहेर जाई. एकदा दरबाराच्या प्रवेशात त्याचं धोतर सैल झालं. विंगेतून गुरुजी कळवळून कुजबुजले, "बबन, धोतर सुटतंय, धर." बबनदादानं एक पाऊल पुढे टाकलं, सिंहासनाकडे बोट केलं आणि गर्जना केली, "बबन, धोतर सुटतंय, धर!" सिंहासनावरच्या शत्रूच्या सरदारानं घाबरून स्वतःचं धोतर धरलं. वाडीत अजून कुणी फार शौर्याच्या गप्पा मारायला लागला की लोक एवढंच म्हणतात, "धर रे बबन."

बबनदादाची आणखी एक खोड होती. ते छातीवर हात ठेवून म्हणायचं वाक्य तो दर वर्षी उलटं म्हणायचा. "शब्द गेला तर परत घेता येतो, प्रधानजी, गड गेला तर तो कुठल्या गडावर शोधायचा?" गुरुजींनी कितीही नीट सांगितलं तरी त्या एका जागी त्याच्या जिभेला गाठ पडायची. लोकांना वाटे नाटकात असंच आहे. टाळ्या पडायच्याच. विंगेत गुरुजी कपाळावर हात मारून घ्यायचे. तो आवाज पहिल्या रांगेत काकींना ऐकू यायचा आणि त्या शेजारणीला म्हणायच्या, "झालं उलटं."

गुरुजी प्रॉम्प्टर झाले त्याला कारण त्यांचं शिक्षण. नोकरी लागून ते वाडीत परत आले, मिशी वाढवली आणि नाटकाच्या बैठकीत जाऊन सर्जेराव मागितला. तेव्हाच्या जाणत्यांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हटलं, "तू शिकलेला. तुला वाचता येतं. यंदा तू आतून वाच, पुढच्या वर्षी सर्जेराव तुझा." पुढच्या वर्षी पुन्हा तेच, कारण आता गुरुजींशिवाय कुणी उभं राहायला तयार नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माणूस एखादं काम वाईट करत असेल तर त्याला ते सोडता येतं, चांगलं करत असेल तर जन्मभर गळ्यात पडतं. काळ्याचे पांढरे झाले, मिशीचेही झाले. बैठकीत "पुढच्या वर्षी सर्जेराव गुरुजींचा" असं म्हणणं हा देवाला नारळ ठेवण्यासारखा रिवाज होऊन बसला. गुरुजी दर वर्षी मान डोलवायचे आणि घरी येऊन मिशीला तेल लावायचे.

प्रॉम्प्टिंग मात्र त्यांच्या हाडात मुरलं. लग्नात नवरी उखाण्याला अडली की मागून कुजबूज यायची. त्यामुळे वाडीतल्या निम्म्या सुनांचा उखाणा एकच आहे: "सावित्रीच्या काठावर पडलं कोवळं ऊन, अमुकरावांचं नाव घेते तमुकांची सून." सरपंच पंधरा ऑगस्टला भाषणाला उभे राहिले की गुरुजी झेंड्याच्या मागे उभे. एसटीत कंडक्टर सुट्ट्यावरून कुणाशी भांडायला लागला की दोन्ही बाजूंना पुढचं वाक्य गुरुजीच पुरवायचे. नवरा-बायकोच्या भांडणात तेवढं पडायचे नाहीत. म्हणायचे, "तिथं दोघांचंही पाठ असतं."

फक्त वर्गात प्रॉम्प्टिंगला बंदी होती. "नाटकात विसरलं तर चालतं, बाई. पाढ्यात नाय." मूल चुकलं की त्यांचा एकच शब्द यायचा, "उलटं!" चूक उलटी असो की सुलटी, शब्द हाच. तो आला की अंगणातल्या चिंचेवरच्या साळुंख्या उडायच्या, शाळेच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या पायरीवर जायचं आणि चुकलेलं मूल आपोआप बरोबर म्हणायचं. मारलं त्यांनी कधी नाही. गरजच नव्हती.

त्यांच्या मनात सर्जेराव किती खोल बसला होता, हे मला शिवथरघळीत कळलं. नवरात्राच्या आधी आम्ही मुलांची सहल घेऊन तिथे गेलो होतो. घळीच्या तोंडाशी धबधबा अजून पुऱ्या जोरात होता. मुलं आत शांत बसली होती, डबे उघडायची वाट बघत. मी गुरुजींना शोधायला बाहेर आले तर ते कठड्यापाशी पाण्याच्या अगदी जवळ उभे. तुषारांनी मिशी भिजून खाली लोंबत होती. एक हात छातीवर, दुसरा तलवार धरल्यासारखा वर. ओठ हलत होते. पाण्याच्या त्या गर्जनेत काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी वरचा हात तसाच डोक्यावर नेला आणि डोकं खाजवलं.

"गुरुजी, सर्जेराव?" मी विचारलं.

ते इतके लाजले की मलाच वाईट वाटलं. "हितं बरं असतं," ते म्हणाले. "कुणाला ऐकू जात नाय."

"पण ऐकू जावं असं वाटत नाही?"

"वाटतं ना. रोज वाटतं." त्यांनी भिजलेली मिशी पिळली. "आमच्या आया रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायच्या, बाई. सकाळी फुंकर घातली की पेटायचा. काडेपेटी लागायची नाय. मी तसं करतो. वर्षभर झाकून ठेवतो. मे महिना आला की बघतो, हाय का अजून. हाय. बास."

मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला, हे खरंच सांगते. माझं वय त्यांच्या निम्म्याहून कमी होतं आणि माझ्या चुलीत कधीच पाणी पडलेलं होतं.

गुरुजी पुढे निवृत्त झाले. शाळेत पाढे मी घ्यायला लागले आणि पलीकडच्या वाडीनं घड्याळं घेतली. नाटकही अडचणीत आलं. बबनदादाचे गुडघे गेले. चाकरमान्यांची नवी पिढी आली, तिचा पुढारी संकेत, बबनदादाचाच पुतण्या. हुशार, मनमिळाऊ, सतत फोनवर. त्या वर्षीच्या बैठकीत तो म्हणाला, "काका लोक, रिअल सांगू का? नाटक आता बंद करू या. पब्लिकला इंटरेस्ट नाय. सर्जेराव करायला पण कोण नाय. त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा आणू. एकदम कडक."

बैठक शाळेतच होती, म्हणून मी दाराशी होते. ऑर्केस्ट्रा कुणालाच नको होता, पण नको म्हणायचं तर सर्जेराव हवा. बबनदादा गुडघे धरून पुढे बसला होता, त्याच्या मागे गुरुजी. मला गुरुजींचे ओठ दिसत होते. ते जमिनीकडे बघत स्वतःशीच पुटपुटले. तेवढ्यात बबनदादा ताठ झाला आणि गरजला, "यंदा सर्जेराव मी करीन!"

"काका, तुम्ही?" संकेत म्हणाला. "तुम्हाला जिना चढता येत नाय."

बबनदादा स्वतःच गोंधळला. त्यानं मागे वळून पाहिलं. "मी नाय रे. मी कशाला करू? गुरुजी बोलले, म्हणून मी बोललो."

सगळ्या बैठकीनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मिशीपर्यंत लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं ते दुसऱ्यांदा, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. मग मागून कुणी तरी म्हातारा म्हणाला, "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता हे पुढचं वर्ष आलं म्हणायचं." आणि हसता हसता पार्ट ठरला. बबनदादाला बसून करायचा प्रधान दिला. राणी महाडहून ठरवलेली नटी करणार होती. राहिला प्रश्न प्रॉम्प्टिंगचा. सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी शिकलेली होते. मला वाचता येत होतं.

तालमी झाल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. गुरुजी प्रत्येकाला उभं राहायला शिकवत, मावळ्यांना मरायला शिकवत, मला विंगेत श्वास कुठे घ्यायचा ते शिकवत. त्यांचा स्वतःचा प्रवेश आला की म्हणायचे, "माझं पाठ हाय. उगाच वेळ नको घालवायला." सगळ्यांना ते पटायचं. नाटकातला प्रत्येक शब्द ज्याला पाठ आहे त्याची तालीम काय घ्यायची?

पूजेचा दिवस आला. लाऊडस्पीकर वेळेत बंद करावा लागतो म्हणून नाटक आता दिवेलागणीलाच सुरू होतं. अंगण भरलं. पहिल्या रांगेत काकी, नव्या लुगड्यात, मांडीवर हात घट्ट धरून. पडदा वर गेला आणि सर्जेराव आला. भरजरी अंगरखा, फेटा आणि ती मिशी. तिला गोंद नव्हता, दोरा नव्हता. अंगणात अशा शिट्ट्या पडल्या की देवीनंही कानांवर हात ठेवले असतील. गुरुजी मधोमध आले, तलवार उपसली, तोंड उघडलं आणि कुजबुजले.

अगदी विंगेतल्यासारखे. जेमतेम ओठ हलवून. समोर टांगलेल्या माइकमधून नुसती फुसफूस बाहेर आली, सायकलच्या चाकातली हवा जावी तशी.

क्षणभर मला काही कळेना. मग उमगलं. हा माणूस वर्गात गर्जत होता, पण या नाटकातलं एकही वाक्य तो जन्मात मोठ्यानं बोललेला नव्हता. ती वाक्यं त्याच्या तोंडात कुजबुजीतच वाढली होती. मी विंगेतून म्हटलं, "मोठ्यानं, गुरुजी!" शेजारी सिंहासनाच्या पायरीवर बसलेल्या प्रधानानं हात उंचावला आणि गर्जना केली, "मोठ्यानं, गुरुजी!"

अंगण फुटलं. पोरं गडाबडा लोळली. गुरुजींनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कुजबूज. आणि बबनदादाचा कान तो! कुजबूज आली की तोंड उघडायचं, हीच त्याची सगळी नाट्यकला. त्यानं सर्जेरावाचं वाक्य खणखणीत म्हणून टाकलं. मग त्यालाच प्रधान म्हणून उत्तर द्यायचं होतं, तेही दिलं. पुढे दोन अंक असेच गेले. गुरुजी तलवार फिरवत, ओठ हलवत. आणि गुडघे धरून बसलेला प्रधान स्वतःशीच कडाक्याचं भांडत. मागच्या रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती, "यंदा सर्जेराव मुका दाखवलाय. काही तरी नवीन हाय."

तिसऱ्या अंकाआधी गुरुजी माझ्या वर्गात, पहिलीच्या मुलांच्या बाकावर बसले होते. फेटा काढून मांडीवर ठेवलेला. सरदारी अंगरख्यातून गुडघे वर आलेले. हसू येण्यासारखंच दृश्य होतं, पण मला हसू आलं नाही.

"आत बसलाय आवाज," ते म्हणाले. "बाहेर यायला लाजतोय."

संकेत आत आला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "काका, टेन्शन नको. थर्ड अंकाला मी विंगेतून माइकवर बोलतो, तुम्ही फक्त अॅक्शन करा. कोणाला कळणार पण नाय."

गुरुजींनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. तेवढ्यात काकी आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, संकेतकडे पाहिलं, मग पुढे होऊन गुरुजींच्या मिशीचं एक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.

"आई गं!" गुरुजी ओरडले.

"खरी हाय," काकी संकेतला म्हणाल्या. "एवढी वर्षं माझ्या खोबरेलावर वाढलीय. तिच्याखालनं दुसऱ्याचा आवाज नाय चालायचा." आणि फेटा त्यांच्या डोक्यावर चढवून निघून गेल्या.

तिसरा अंक सुरू झाला. गडाला वेढा पडला. प्रधानानं शब्द मोडायचा सल्ला दिला. गुरुजी छातीवर हात ठेवून उभे राहिले. अंगण गप्प झालं, कारण वाक्य कुठलं येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी विंगेत काही बोलले नाही. गुरुजींच्या मिशीची टोकं थरथरली. आणि पुन्हा तीच कुजबूज: "गड गेला तर परत घेता येतो, प्रधानजी..."

बबनदादानं ती कानात घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "शब्द गेला तर परत घेता येतो, प्रधानजी, गड गेला तर तो कुठल्या..."

"उलटं!"

चिंचेवर झोपलेल्या साळुंख्या एकदम उडाल्या. पहिल्या रांगेत कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. तिथे बसलेले, टक्कल पडलेले, नातवंडं असलेले गुरुजींचे जुने विद्यार्थी नकळत ताठ झाले. "उलटं म्हणालास, बबन! जन्मभर उलटं म्हणालास! गड गेला तर परत घेता येतो, प्रधानजी! शब्द गेला, शब्द गेला तर तो कुठल्या गडावर शोधायचा?"

माइकची गरज नव्हती. मला खात्री आहे की पलीकडच्या वाडीत कुणी तरी सवयीनं भात उतरवला असेल.

टाळ्या पडायलाही थोडा वेळ लागला. मग त्या थांबेनात. गुरुजी मात्र थांबले नाहीत. बांध फुटल्यासारखं त्यांचं पुढचं सगळं मोठ्यानं आलं. स्वतःचं आलं, प्रधानाचं आलं, राणीचंही आलं. महाडची नटी बिचारी हात जोडून बाजूला उभी राहिली. ते लढायला गेले, मरायला परत आले आणि फार सुंदर मेले. संकेत मावळा होता. सरदाराच्या देहापाशी गुडघे टेकून त्यानं शोक करायचा होता, पण तो नुसता बघतच राहिला. तेव्हा मेलेला सर्जेराव डोळे न उघडता हळूच कुजबुजला, "रड आता." आणि संकेत, सकपाळांचंच रक्त, आभाळाकडे हात करून ओरडला, "रड आता!" अंगण हसलंही आणि काही जण खरंच रडलेही. काकी दोन्ही करत होत्या.

पडदा पडल्यावर मी बबनदादाला गाठलं. "खरं सांगा दादा, आज मुद्दाम उलटं म्हणालात ना?"

तो गुडघ्याला बाम चोळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मला कधी सरळ आलंय का?"

महिनाभरातच माझी बदली महाड तालुक्यातल्या तुडीलला झाली. निघताना गुरुजींकडे गेले तर घराला कडी होती. चुटपुट लागली. सामान घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर आले, महाडच्या गाडीत खिडकीची जागा धरली. इंजिन सुरू झालं, आणि बघते तर गर्दीतून काकी लगबगीनं येतायत, सोबत एक अनोळखी म्हातारा. काकींचा भाऊबिऊ असावा असं मला वाटलं. बेताच्या उंचीचा, किरकोळ, पांढरा सदरा. नाकाखाली एक पांढराफटक पट्टा, बाकी चेहरा उन्हानं रापलेला. तो खिडकीखाली आला आणि त्यानं हात जोडले, तेव्हा मी किंचाळायचीच राहिले.

"गुरुजी! मिशी?"

"आज सकाळी काढली," काकी म्हणाल्या. "न्हाव्यालाच धीर होत नव्हता. लग्न झाल्यापास्नं आज पयल्यांदा ह्यांचं तोंड बघितलं मी."

"मग? कसं आहे?"

"बरं हाय," काकी म्हणाल्या आणि पदरानं हसू झाकलं.

पण का काढली? सर्जेराव तर आता त्यांचाच होता, वाडीनं एकमुखानं दिला होता. मी तेच विचारलं. गुरुजी काही तरी म्हणाले. इंजिन घरघरत होतं, पलीकडे एक गाडी हॉर्न देत होती, मला नुसते ओठ हलताना दिसले. मिशीशिवाय ते ओठ फार लहान आणि फार उघडे वाटत होते. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले, "मोठ्यानं, गुरुजी!"

गुरुजींनी छातीवर हात ठेवला. श्वास घेतला. आणि पोलादपूरच्या भर स्टँडवर, शेंगदाणेवाल्यांपासून कंट्रोलरपर्यंत सगळ्यांच्या माना वळतील अशा आवाजात सांगितलं:

"पुढच्या वर्षी राणी मी करणार!"